परत येणारं डिझेल

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेकडून उत्तनची बस सुटते. मुर्धा, राई, मोर्वा ही गावं मागे पडतात, आणि डोंगरी ओलांडली की वाऱ्याला सुक्या बोंबलांचा वास येतो. मी मुर्ध्याचा. माझे मामा उत्तनच्या एका बोटीवर इंजिन सांभाळायचे, त्यामुळे शाळेला सुट्टी लागली की मी त्यांच्यामागे बंदरावर. तिथे पाहिलेली एक गोष्ट डोक्यातून गेली नाही. इंजिनावरून एक बारीक नळी निघून पुन्हा टाकीत जात होती आणि तिच्यातून डिझेल पडत होतं. एवढं महागाचं डिझेल न जळता परत का येतं, असं मी विचारलं. मामांनी पाना फिरवता फिरवता सांगितलं, "येत नाय त्या दिवशी घाबरायचं."

त्या नळीला बंदरावर रिटर्न पाईप म्हणतात. इंजिनाच्या इतिहासात तिचं नाव सहसा येत नाही.

रुडॉल्फ डिझेलने १८९२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला त्याचं इंजिन नीट चाललं. १९१२ मध्ये 'सेलांडिया' नावाचं डिझेलवर चालणारं मोठं जहाज कोपनहेगनहून बँकॉककडे निघालं. पण त्या काळच्या इंजिनांत तेल दाबाच्या हवेने सिलिंडरमध्ये फुंकावं लागे. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर, हवेच्या टाक्या, सगळा जड संसार. जहाजाला तो परवडे, होडीला नाही.

हे बदललं ते बॉशच्या पंपामुळे. १९२७ मध्ये रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात डिझेल पंपांचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं आणि हवेशिवाय, नुसत्या पंपाच्या दाबाने तेल फवारणं सोपं झालं. या पंपातली युक्ती मला फार आवडते. आत एक बोटाएवढा दांडा वरखाली होतो. बोट हळू चालो की जोरात, त्याची उडी तेवढीच असते. मग तेल कमीजास्त कसं होतं? दांड्यावर एक तिरकी खाच आहे. रेस वाढवली की दांडा थोडा फिरतो आणि खाचेची कड भोकासमोर उशिरा येते. ती आली की दाब सुटतो आणि उरलेलं तेल मागे फिरतं. म्हणजे रेस देताना आपण खरं तर ठरवतो, किती तेल माघारी पाठवायचं. पंपातल्या या जादा तेलाचा एक भाग, सोबत शिरलेली हवा घेऊन, रिटर्नने टाकीत जातो.

नळीत दुसरं तेल येतं ते नोझलमधून. नोझलची सुई आणि तिचं घर यांच्यातली फट काही मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक. तिच्यातून थोडं डिझेल झिरपतं, सुईला वंगण देतं आणि वर येतं. त्याला वाट दिली नाही तर ते सुईच्या मागे तुंबतं, नोझल नीट उघडत नाही आणि इंजिन धूर ओकू लागतं. अमेरिकेत कमिन्सने तर याहून पुढची पद्धत आणली. तिच्यात बरंचसं डिझेल जळण्यासाठी नव्हे, नोझल थंड ठेवण्यासाठीच फिरत राहतं. १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली आणि ही पद्धत आपल्याकडे आली.

आपल्याकडे त्याआधीच, १९३० च्या दशकात, साताऱ्याच्या कूपर कारखान्यात डिझेल इंजिनं बनू लागली होती. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. ही इंजिनं मुख्यतः विहिरीवर बसली. कोळीवाड्यांत यंत्र आलं ते १९५० नंतर, सरकारी कर्ज आणि अनुदानातून. त्यात पालघरकडचं सातपाटी पुढे होतं. शिडाला वारा फुकट होता, पण तो हवा तेव्हा मिळत नसे. डोळीचं जाळं भरती-ओहोटीच्या ओढीवर चालतं. वेळेवर पोचलं नाही तर मासा गेला. इंजिनाने वेळ हातात दिली आणि बदल्यात डिझेलचा हिशोब गळ्यात बांधला.

तो हिशोब किती बारीक असतो ते मी मामांच्या बोटीवरच पाहिलं. मालकाने दुसरी टाकी बसवली. डिझेल घ्यायची नळी कॉक फिरवून दोन्ही टाक्यांवर घेता येत होती, पण रिटर्न पहिल्याच टाकीत राहिला. एका रात्री वसईसमोर इंजिन नव्या टाकीवर चालू होतं. परत येणारं डिझेल आधीच काठोकाठ भरलेल्या जुन्या टाकीत पडत गेलं, हवेच्या नळीतून ओसंडून तळातल्या पाण्यात मिसळलं आणि तिथून पाण्याच्या पंपाने समुद्रात. इकडे नवी टाकी मामांच्या अंदाजाआधीच रिकामी झाली. इंजिनाने हवा घेतली आणि बंद पडलं. बोट ओहोटीबरोबर सरकत असताना मामा बॅटरीच्या उजेडात एकेक नट ढिला करून हवा काढत होते. तास-दीड तास गेला, तोवर ओढ फिरली होती. त्या फेरीचं जाळं गेलंच.

सांडलेलं डिझेल कोणाचं? ज्या बोटींवर वाट्याची पद्धत आहे, तिथे आधी डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च वजा होतो, मग उरलेल्याचे वाटे पडतात. तळात गेलेला प्रत्येक लिटर खलाशाच्या वाट्यातूनही जातो. जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने घाऊक ग्राहकांसाठी डिझेलचा दर वेगळा केला, लिटरमागे दहा रुपयांच्या आसपास जास्त. कंपन्यांकडून थेट डिझेल घेणाऱ्या मच्छीमार संस्थाही कारखान्यांच्या रांगेत जाऊन बसल्या. राज्याकडून विक्रीकराचा परतावा मिळतो, पण तो नंतर. टाकी आज भरावी लागते. (परतावा हा शब्द इथेही आलाच. हा रिटर्न मात्र फार हळू येतो.)

त्या रात्रीनंतर मामांनी रिटर्नलाही कॉक बसवला, पण साधा नाही. रिटर्न पूर्ण बंद झाला तर सील फुटतात, म्हणून एक टाकी बंद होताना दुसरी आपोआप उघडेल असा. दोन्ही कॉक एकाच पट्टीने जोडलेले, एक फिरवला की दुसरा फिरणार.

आणि दर हंगामाआधी ते एक काम करत. प्रत्येक नोझलची रिटर्न नळी सोडवून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सोडायची, इंजिन काही मिनिटं चालवायचं आणि बाटल्या ओळीने फळीवर ठेवायच्या. सगळ्यांत सारखं डिझेल असलं तर ठीक. जी जास्त भरली, तिचं नोझल झिजलं. एका वर्षी सहापैकी चौथी बाटली गळ्यापर्यंत आली होती. मामांनी ते नोझल काढून फडक्यात गुंडाळलं आणि भाईंदरच्या बसला लागले. निघण्याआधी बाटल्यांतलं सगळं डिझेल, एक थेंब न सांडता, टाकीत ओतून गेले.