आकडा कोणाला दिसतो? घरगुती वीजमीटरचा इतिहास

१/ मीरा-भाईंदरमधील बहुतेक इमारतींत वीजमीटर घरात नसतो. तो तळमजल्यावरच्या मीटर-केबिनमध्ये इतरांच्या रांगेत असतो. वीज वरच्या मजल्यावर खर्च होते, आकडा खाली चढतो. वापरणारा आणि मोजणारा यांच्यातील हे अंतर विजेच्या व्यवसायाइतकेच जुने आहे.

२/ एडिसनच्या पर्ल स्ट्रीट केंद्राने १८८२ मध्ये न्यूयॉर्कला वीज पुरवण्यास आरंभ केला. त्याच्या मीटरमध्ये आकडेच नव्हते. जस्ताच्या द्रावणात जस्ताच्या पट्ट्या बुडवलेल्या असत. प्रवाहाचा ठरावीक अंश त्यांतून जाई आणि एका पट्टीवरील जस्त दुसरीवर जमा होई. कंपनीचा माणूस पट्ट्या नेऊन तोलत असे. त्या वजनावरून बिल निघे. ग्राहकाला केवळ विश्वास ठेवता येत होता.

३/ १८८९ मध्ये बुडापेस्टच्या गांझ कंपनीतील ओट्टो ब्लाथी याने प्रत्यावर्ती प्रवाहासाठी प्रवर्तन मीटर सिद्ध केला. त्याचे वजन सुमारे २३ किलो होते. याच तत्त्वावरील फिरत्या चकतीचे मीटर पुढे घरोघरी पोहोचले. आता कंपनी वाचते तोच आकडा ग्राहकही वाचू शकत होता.

४/ परंतु आकडाच चुकीचा असेल तर? भारतीय विद्युत अधिनियम, १९१० ने त्याचे उत्तर दिले: मीटरविषयी वाद झाल्यास कोणत्याही पक्षाच्या अर्जावर विद्युत निरीक्षक निर्णय देईल. मोजणारा स्वतःच न्यायाधीश राहिला नाही.

५/ मुंबईच्या उपनगरांसाठी १९२९ मध्ये बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, म्हणजेच ‘बीएसईएस’, स्थापन झाली. मीरा-भाईंदर याच वितरणक्षेत्रात आले. पुढे हा व्यवसाय रिलायन्सकडे व २०१८ मध्ये अदानी इलेक्ट्रिसिटीकडे गेला. बिलावरील नावे बदलली, एकक तेच राहिले: १०० वॅटचा दिवा १० तास जळाला की १ युनिट.

६/ विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५५ ने अचूक मीटरद्वारेच पुरवठा करण्याचे बंधन घातले. तरीही मीटर असणे आणि तो वाचला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२० च्या टाळेबंदीत ते दिसून आले. मार्चअखेर प्रत्यक्ष वाचन थांबले आणि हिवाळ्यातील सरासरीवर बिले निघाली. लोक मात्र ऐन उन्हाळ्यात दिवसभर घरात होते. वाचन पुन्हा सुरू होताच साचलेला फरक जूनच्या बिलात आला आणि राज्यभर असंतोष उसळला.

७/ येथे स्लॅबचा प्रश्न निर्णायक होता. महाराष्ट्रात १०० युनिटांपुढे दर वाढतो, ३०० व ५०० पुढे आणखी वाढतो. साचलेली युनिटे एकाच महिन्यात धरली तर वरचा दर लागतो. त्या त्या महिन्यांत विभागली तर लागेलच असे नाही. ज्या घराने दरमहा स्वतःचा आकडा टिपून ठेवला असेल, त्याच्या हाती पडताळणीसाठी स्वतंत्र पुरावा होता.

८/ आता स्मार्ट मीटर आले आहेत. ते आकडा दूरवर आपोआप पाठवतात. वाचणारा माणूसच लागत नाही. एडिसनच्या पट्ट्यांपासून चालत आलेला प्रश्न मात्र कायम आहे: आकडा कोणाला दिसतो? दरमहा एका ठरलेल्या तारखेस मीटर-केबिनपर्यंत उतरून तो वहीत नोंदवणे, हे त्याचे सर्वांत जुने आणि आजही उपयोगी पडणारे उत्तर आहे.