जो हलतो, त्याचा निरोप

आजचा विषय तांत्रिक आहे, पण मुळात आमच्या फौजी धंद्यातलाच. जो स्वतः हलतो आहे, त्याचा निरोप पोहोचवायचा कसा?

मी सिग्नल्समध्ये होतो. तरुणपणी राजस्थानात एका सरावात आमचा रिले टेकाडावर होता आणि तुकडी पुढे. तुकडीने वाट बदलली, टेकाड आड आलं आणि वायरलेस मुका झाला. नेमका तेव्हाच एक जवान उन्हाने कोसळला होता. निरोप शेवटी मोटरसायकलवरचा डीआर घेऊन आला. जवान वाचला, पण तो दीड तास मी विसरलेलो नाही.

अमेरिकेत याच प्रश्नावर डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने १९७०च्या दशकात काम केलं. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी कॅलिफोर्नियात धावत्या व्हॅनमधून निघालेला डेटा रेडिओ, उपग्रह आणि अर्पानेट अशा तीन जाळ्यांतून गेला. व्हॅनला विजेची चिंता नव्हती. पुढे आलेले इवलेसे सेन्सर मात्र बॅटरीवर जगतात आणि रेडिओ हा त्यांचा मोठा खर्च.

केनियातल्या झेब्र्यांच्या गळ्यात पट्टे बांधण्याची प्रिन्स्टन विद्यापीठाची झेब्रानेट योजना आठवा. २००२च्या त्यांच्या निबंधात एक रीत अशी होती: जो झेब्रा अलीकडे तळाच्या संपर्कात जास्त वेळा आला, त्याच्याकडे माहिती सोपवायची. वाट नसेल तर माहिती जवळ बाळगायची आणि भेट होईपर्यंत चालायचं. हा आमचा डीआरच!

२०१२मध्ये आयईटीएफने सेन्सरच्या जाळ्यांसाठी आरपीएल ही मार्गपद्धत प्रमाणित केली. तीत प्रत्येक यंत्र मुळाच्या दिशेचा एक 'पालक' निवडतं. सगळं शांत असेल, तर मार्गाची खबर देण्यातलं अंतर दुप्पट-दुप्पट वाढत जातं. बॅटरी वाचते. पण यंत्र हललं, की जुना पालक मागे राहतो आणि नव्याची खबर उशिरा येते. माझं टेकाड पुन्हा आड आलं!

यावर संशोधकांनी सुचवलेले उपाय साधे आहेत. हलणाऱ्याने वाट न पाहता स्वतः हाक मारून शेजारी शोधावेत. इतरांचे निरोप वाहण्याचं काम स्थिर यंत्रांकडेच ठेवावं. हाक मारायला वीज लागते, पण गप्प राहण्याची किंमत जास्त असते.

म्हणून गोठ्यात, खाणीत किंवा रुग्णालयात असं जाळं बसवणाऱ्याला मी आधी एकच विचारतो: यातलं काय काय हलणार आहे?

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.