वॉन्टसम सामुद्रधुनीचा लोप आणि केंटचा बदललेला किनारा

प्रस्तावना

इंग्लंडमधील केंट परगण्याच्या ईशान्य टोकास आजही ‘थॅनेट बेट’ असे म्हणतात. प्रत्यक्षात मात्र तो प्रदेश मुख्य भूमीशी जोडलेला आहे. नावात उरलेले हे बेटपण वॉन्टसम या लुप्त सामुद्रधुनीची साक्ष देते. ही सामुद्रधुनी गाळाने बुजली, असे सामान्यतः सांगितले जाते. परंतु तेवढ्याने या स्थित्यंतराचा उलगडा होत नाही. त्यातील मानवी वाट्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जलमार्ग

इ. स. ४३ च्या स्वारीत रोमन सैन्याने रिचबरो येथे तळ उभारला. पुढे दक्षिणेस रिचबरो व उत्तर मुखाशी रेकल्व्हर या दोन दुर्गांनी या मार्गाचे रक्षण केले. थेम्सच्या मुखाकडे जाणाऱ्या गलबतांना त्यामुळे थॅनेटचा वळसा टळत असे. इ. स. ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या इतिहासग्रंथात बीड याने सामुद्रधुनीची रुंदी तीन फर्लांग, म्हणजे सुमारे ६०० मीटर, दिली आहे.

गाळ आणि बांध

स्टाऊर नदीचा गाळ संथ पाण्यात साचत होता; स्टोनर येथील गोट्यांच्या दांड्याने पूर्वेकडील मुख आक्रसले होते. अशा वेळी कँटरबरीच्या मठांनी खाजण जमिनीभोवती बांध घालून तेथे कुरणे केली. भरतीचे पाणी पसरण्याची जागा बांधाआड गेल्याने ओहोटीचा जोर घटला आणि जो गाळ समुद्रात वाहून जावयाचा, तो तळाशीच बसू लागला. प्रत्येक नवा बांध अशा रीतीने पुढील बांधासाठी जमीन तयार करीत गेला.

परिणाम

सार येथे नाव चालण्यापुरतेही पाणी न उरल्याने १४८५ मध्ये पूल बांधण्यास संसदेची अनुमती मिळाली. ‘सिंक पोर्ट्स’ या प्रतिष्ठित बंदरसंघातील सँडविचचे वैभव सोळाव्या शतकात ओसरले. १५६१ मध्ये एलिझाबेथ राणीच्या अनुमतीने तेथे वसलेल्या फ्लेमिश निर्वासितांनी विणकाम व भाजीपाल्याची शेती वाढवून नगरास दुसरा आधार दिला. आज रिचबरो समुद्रापासून सुमारे ४ किलोमीटर आत आहे. उलट, रेकल्व्हरचा जवळजवळ अर्धा दुर्ग समुद्राने गिळला. तेथील चर्च १८०९ मध्ये पाडले गेले, तरी त्याचे जुळे मनोरे नौकानयनाची खूण म्हणून राखले गेले.

निष्कर्ष

ज्यांना कुरणे मिळाली आणि ज्यांचे बंदर गेले, ते लोक एक नव्हते. बांध घालणाऱ्याच्या दृष्टीने प्रत्येक बांध शहाणपणाचाच होता; त्या सर्वांची एकत्रित किंमत मात्र सँडविचने मोजली. मिळवलेली जमीनही निर्वेध राहिली नाही. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री वादळी भरतीने उत्तरेकडील समुद्रबांध फुटला आणि पाणी जुन्या सामुद्रधुनीच्याच सखल भूमीत शिरले. वॉन्टसम नकाशावरून पुसली गेली. भूमीच्या उतारावरून नव्हे.