ग्रंथालयाचं काम ऑनलाइन टूल्सवर आणायचंय? आधी हे वाचा

“हे पुस्तक आत आहे की कुणी नेलंय?” वाचकाच्या या साध्या प्रश्नासाठी अनेक छोट्या ग्रंथालयांत आजही देवघेवीची वही चाळावी लागते. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथं सूत्र आहे, वाचकाचा वेळ वाचवा. मोफत ऑनलाइन टूल्स इथे कामी येतात. पण कुठलं टूल कशासाठी?

कुठल्या कामाला कुठलं टूल?

देवघेव: गुगल शीट्स. दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, सभासद क्रमांक, दिल्याची तारीख आणि परतीची तारीख एवढे रकाने सुरुवातीला पुरतात. मुदत उलटलेली नोंद आपोआप लाल दिसेल, अशी सोयही करता येते.

नव्या पुस्तकांची मागणी: गुगल फॉर्म्स. लिंक सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका, उत्तरं थेट शीटमध्ये जमा होतात.

खरेदी आणि बांधणी: ट्रेलो. प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड करायचं आणि ते ‘मागणी आली’, ‘ऑर्डर दिली’, ‘दाखल झालं’ असं पुढे सरकवायचं. मात्र काम एकच माणूस बघत असेल, तर याची गरज नाही. साधी यादी पुरेशी आहे.

गाडी कुठे अडते?

नावांवर! एकाने ‘पु. ल. देशपांडे’ लिहिलं, दुसऱ्याने ‘पुल’, तिसऱ्याने इंग्रजीत. मग शोधल्यावर निम्मी पुस्तकं दिसतच नाहीत. त्यामुळे नाव लिहायची एकच पद्धत आधी ठरवा आणि शक्य तिथे यादीतून निवडायची सोय ठेवा.

सगळ्यात मोठा धोका कोणता?

शीट कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या जीमेलवर असणं. तो नोकरी सोडून गेला की नोंदीही त्याच्याकडेच राहतात. शिवाय दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गुगल डेटासकट हटवू शकतं. म्हणून ग्रंथालयाच्या नावाने वेगळं खातं उघडा आणि पासवर्ड किमान दोन जबाबदार व्यक्तींकडे ठेवा.

दुसरी गोष्ट सभासदांच्या माहितीची. कुणाचा फोन नंबर काय, कोण काय वाचतं, हे खासगी आहे. शीट ‘लिंक असलेल्या कुणालाही’ दिसेल अशी ठेवू नका. वाचकांना दाखवायची पुस्तकांची यादी वेगळ्या फाइलमध्ये करा.

सुरुवात कशी करायची?

एका वेळी एकच काम निवडा. महिनाभर वही आणि शीट दोन्ही चालवा. दर शनिवारी दहा नोंदी जुळवून बघा. महिनाअखेर शीट एक्सेलमध्ये डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर ठेवा. जे टूल तुमचा डेटा बाहेर काढू देत नाही, ते वापरूच नका.

पुस्तकं वाढली, बारकोड हवा झाला, तर खास ग्रंथालयांसाठी बनलेली सॉफ्टवेअर आहेत. न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयात २००० साली सुरू झालेलं ‘कोहा’ मोफत आहे, मात्र सर्व्हर सांभाळणारा जाणकार लागतो. केंद्र सरकारच्या एनआयसीचं ‘ई-ग्रंथालय’ही आहे. शीटमधल्या नोंदी नीट असतील, तर त्या पुढे तिथेही नेता येतात.

आणि दाखल नोंदवही? ती चालूच ठेवा. वीज गेली, नेट गेलं तरी ग्रंथालयात कोणतं पुस्तक कधी आलं, हे तीच सांगते.