सामायिक काय, स्वतंत्र काय: केव्हीएमच्या वाटणीचा इतिहास

१/ एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक चालवण्याची सोय लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. तिचे नाव केव्हीएम. आज हा थर इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरांवर, आयबीएमच्या मेनफ्रेमवर, पॉवरवर, एआरएमवर आणि रिस्क-व्हीवर चालतो. २००७ साली तो लिनक्समध्ये आला, तेव्हा मात्र त्याला एक्स८६ हे एकच आर्किटेक्चर ठाऊक होते. त्यातून ‘सर्वांचे’ आणि ‘फक्त एक्स८६चे’ वेगळे कसे झाले, याचा हा इतिहास.

२/ आभासी यंत्राची कल्पना जुनी आहे. आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ साली आणली. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी अशा यंत्रासाठी प्रोसेसरने पाळायच्या अटी मांडल्या. त्यांतली मुख्य अट अशी: यंत्राच्या नियंत्रणाशी संबंधित प्रत्येक आज्ञा पाहुण्या प्रणालीने दिली, की ती अडली पाहिजे आणि ताबा यजमानाकडे आला पाहिजे. एक्स८६ या अटीत बसत नव्हता. त्याच्या काही आज्ञा न अडता, गुपचूप वेगळेच वागत. ही उणीव इंटेलने २००५च्या अखेरीस आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच नवी सोय देऊन भरून काढली.

३/ त्या सोयीवर क्युमरानेट या इस्रायली कंपनीतील आवी किविटी यांनी ऑक्टोबर २००६ मध्ये केव्हीएम जाहीर केले. नवा हायपरव्हायझर लिहिण्याऐवजी लिनक्सलाच हायपरव्हायझर करायचे, हा त्यामागचा विचार होता. पाहुण्याचा प्रोसेसर म्हणजे लिनक्सचा एक साधा थ्रेड आणि पाहुण्याची मेमरी म्हणजे साध्या प्रोसेसची मेमरी. वेळेचे वाटप आणि मेमरीचे व्यवस्थापन ही कामे कर्नल आधीपासून करतच होता. त्यामुळे कोड आटोपशीर राहिला आणि फेब्रुवारी २००७च्या २.६.२० या आवृत्तीत तो दाखलही झाला. त्याची जागा होती ‘ड्रायव्हर्स/केव्हीएम’ या डिरेक्टरीत, एखाद्या उपकरणाच्या ड्रायव्हरसारखी.

४/ आत एक सीमारेषा तेव्हाही होती. इंटेलची पद्धत आणि एएमडीची पद्धत यांच्या आज्ञा वेगळ्या आणि नियंत्रणाच्या नोंदींची मांडणीही वेगळी. म्हणून फंक्शनांचा एक तक्ता केला होता आणि दोन्ही बाजू तो आपापल्या परीने भरत. त्या तक्त्याचे नाव होते ‘केव्हीएम_आर्च_ऑप्स’. आर्च म्हणजे आर्किटेक्चर. प्रत्यक्षात हा फरक एकाच आर्किटेक्चरच्या दोन उत्पादकांमधला होता. दुसरे आर्किटेक्चर दारात नसल्यामुळे ते नाव खटकण्याचे कारणही नव्हते.

५/ २००७ मध्ये ते दारात आले. आयबीएमच्या अभियंत्यांना केव्हीएम एस३९० मेनफ्रेमवर आणि पॉवरपीसीवर हवे होते, इंटेलच्या अभियंत्यांना इटेनियमवर. त्यांनी मुख्य फाइल उघडली, तेव्हा दोन प्रकारचा कोड एकमेकांत मिसळलेला दिसला. आभासी यंत्र निर्माण करणे, त्याला मेमरीचे तुकडे नेमून देणे, प्रोसेसर जोडणे ही कामे सर्वांची होती. एक्स८६चे रजिस्टर, त्याचे सेगमेंट, पाहुण्याच्या पेज टेबलांच्या सावलीप्रती आणि आज्ञांचे अनुकरण करणारा भाग हे मात्र एक्स८६चेच होते.

६/ मेनफ्रेमचे उदाहरण यात बोलके आहे. तिथे पाहुणी प्रणाली चालू करण्यासाठी ‘एसआयई’ ही स्वतंत्र आज्ञा १९८०च्या दशकापासून आहे आणि बरेचसे काम यंत्रच उरकते. एक्स८६ची उणीव झाकण्यासाठी लिहिलेला मोठा भाग तिथे निरुपयोगी होता. एका प्रोसेसरच्या अडचणीतून जन्मलेला कोड हा आभासीकरणाचा सार्वत्रिक नियम नव्हे, हे त्या यंत्राशेजारी ठेवल्यावर स्पष्ट झाले.

७/ वाटणी एका रात्रीत झाली नाही. ‘एक्स८६.सी’ ही नवी फाइल तयार झाली आणि मुख्य फाइलमधली फंक्शने एकेक करून तिकडे हलवली गेली. प्रत्येक पायरीनंतर चालू वापरकर्त्यांची यंत्रे पूर्वीसारखीच चालली पाहिजेत, हे बंधन होते. कोड हलवणे आणि कोड बदलणे एकाच पॅचमध्ये केले, तर तपासणाऱ्याला बदल दिसत नाही. म्हणून एका पॅचमध्ये एकच काम, हा कर्नलचा रिवाज इथे विशेष उपयोगी पडला.

८/ सामायिक कोडने ‘केव्हीएम_आर्च_’ या उपसर्गाची फंक्शने हाक मारावी तशी बोलवायची आणि प्रत्येक आर्किटेक्चरने ती आपापल्या परीने पुरवायची, अशी रचना ठरली. आभासी प्रोसेसरच्या नोंदीत सर्वांची माहिती वर राहिली आणि एक्स८६ची माहिती ‘आर्च’ नावाच्या आतल्या कप्प्यात गेली. जुन्या तक्त्याचे नावही बदलून ‘केव्हीएम_एक्स८६_ऑप्स’ झाले. ‘आर्च’ हा शब्द आता खऱ्या अर्थाने हवा होता.

९/ एप्रिल २००८च्या २.६.२५ या आवृत्तीत केव्हीएमचे दोन पत्ते झाले: एक्स८६चा कोड ‘आर्च/एक्स८६/केव्हीएम’मध्ये आणि सामायिक कोड ‘व्हर्ट/केव्हीएम’मध्ये. जुलैच्या २.६.२६ मध्ये एस३९०, इटेनियम आणि पॉवरपीसी ४४० हे तिघे एकदम दाखल झाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये रेड हॅटने क्युमरानेट विकत घेतली.

१०/ हा बांध मात्र कायमचा नव्हता. आयओ-एपिक म्हणजे उपकरणांच्या इंटरप्टची वाटणी करणारा घटक. त्याची नक्कल करणारी फाइल वाटणीत प्रथम एक्स८६कडे गेली. इटेनियमलाही तीच लागते म्हणून ती सामायिक घरात आली. पुढे इटेनियम मागे पडला आणि त्याचा केव्हीएम कोड ३.१९ मध्ये (फेब्रुवारी २०१५) काढून टाकला गेला. एकच वापरकर्ता उरला, तेव्हा ती फाइल पुन्हा एक्स८६च्या घरी परतली.

११/ एआरएमची कथाही तशीच. एप्रिल २०१३च्या ३.९ मध्ये तो आला. कोलंबिया विद्यापीठातील ख्रिस्तोफर डॉल यांचे त्यात मोठे काम होते. एआरएममध्ये हायपरव्हायझरसाठी ‘हिप’ नावाची वेगळी पातळी होती आणि लिनक्स जसाच्या तसा तिथे चालू शकत नव्हता. म्हणून एक छोटा भाग हिपमध्ये आणि उरलेला कर्नल आपल्या नेहमीच्या जागी, अशी विभागणी केली गेली. इतक्या वेगळ्या बांधणीतही सामायिक थर उपयोगी पडला, ही २००७च्या वाटणीची मोठी कसोटी होती.

१२/ पाठोपाठ ६४-बिट एआरएम ३.११ मध्ये आला. दोन भावंडांचा समाईक कोड २०१७ मध्ये ‘व्हर्ट/केव्हीएम/एआरएम’मध्ये एकत्र केला गेला. २०२०च्या ५.७ मध्ये ३२-बिट एआरएमवरचे केव्हीएम हटवले गेले आणि लगेच ५.८ मध्ये तो सारा कोड ६४-बिटच्या घरी गेला. प्रवास उलट दिशेनेही होतो. पाहुण्याच्या मेमरीत यजमानाने केलेले बदल शोधण्याची फेरी आर्किटेक्चरे वेगवेगळी लिहीत असत. ती २०२१च्या ५.१३ मध्ये सामायिक झाली.

१३/ ही फाइलींची नुसती ने-आण नव्हती. सामायिक कोडमधली चूक एकदा दुरुस्त केली, की सर्वांची दुरुस्त होते. परंतु तिथे केलेला चुकीचा बदल सर्वांना बाधतो आणि एक्स८६वर काम करणाऱ्या बहुतेकांच्या टेबलावर मेनफ्रेम नसते. कोड कोणत्या बाजूला आहे, यावरून त्यात हात घालताना कोणाकोणाला विचारायचे हे ठरते. विनाकारण सामायिक ठेवलेली फाइल म्हणजे विनाकारण घ्याव्या लागणाऱ्या परवानग्या.

१४/ २००६ मध्येच सर्व आर्किटेक्चरांसाठी आराखडा आखला असता, तर? तेव्हा हाताशी उदाहरण एकच होते आणि त्यावर बेतलेल्या तक्त्याला ‘आर्च’ हे नावही देऊन झाले होते. रेषा चुकीच्या जागी होती, हे मेनफ्रेम आणि इटेनियम येईपर्यंत दिसणे कठीण होते. जानेवारी २०२२च्या ५.१६ मध्ये रिस्क-व्हीचा कोड दाखल झाला, तेव्हा पुन्हा तशी मोठी वाटणी करावी लागली नाही. ठरलेली ‘केव्हीएम_आर्च_’ फंक्शने पुरवून तो या घरात सामील झाला.