फार्दिंगचा निकाल

1901 साली विक्रीला निघालेल्या एका मळ्याचा तपशील बर्मिंगहॅमच्या विल्यम कॅडबरी यांच्या हाती आला. मळा साओ तोमे बेटावरचा. आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात, पोर्तुगालच्या ताब्यातला. मालमत्तेच्या यादीत 200 काळे मजूर आणि त्यांची किंमत 3,555 पौंड, अशी नोंद होती. कॅडबरी घराणं क्वेकर पंथाचं. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीत या पंथाचं नाव शंभर वर्षांहून जुनं. आणि त्यांच्या कारखान्याचा जवळपास अर्धा कोको या बेटांवरून येत होता.

माझ्या शिक्षणाचा आफ्रिकेशी काही संबंध नाही. मिळेल ते वाचत गेलो एवढंच. पण या नोंदीपाशी मी फार रेंगाळलो. परदेशातल्या मजुरीची चौकशी सेवाभावी माणसांनी करायची आणि तिचा खर्च त्या मजुरीचा माल घेणाऱ्यानं द्यायचा, ही आजची पद्धत तिथे शंभर वर्षांपूर्वीच राबवून झालेली आहे.

पोर्तुगालनं वसाहतींतली गुलामगिरी 1870च्या दशकात कागदोपत्री संपवली होती. (आपला गोवाही त्याच लिस्बनच्या अमलाखाली होता.) प्रत्यक्षात अंगोलाच्या आतल्या मुलखात माणसं विकत घेतली जात, बेंग्वेलासारख्या बंदरावर आणली जात आणि अधिकाऱ्यासमोर त्यांचा पाच वर्षांचा करार होई. मग ती गुलाम नसत, ‘सर्व्हिसाइश’ असत. पाच वर्षं सरली की करार पुढे चालू. 1903च्या कायद्यानं परतीच्या प्रवासासाठी मजुरीतून कपात ठरवली, तरी अंगोलाला परतलं जवळजवळ कोणीच नाही. बेटावर जन्मलेली मुलं त्याच मळ्यावर वाढत आणि तिथेच कामाला लागत.

1904-05 मध्ये हेन्री नेव्हिन्सन हा पत्रकार हार्पर्स मासिकासाठी तिथे गेला. आतल्या वाटांवर झाडांना लटकलेल्या लाकडी बेड्या आणि वाटेत पडलेल्यांची हाडं त्यानं पाहिली, मजुरांच्याच बोटीतून साओ तोमेला गेला आणि 1906 मध्ये त्याचं पुस्तकही आलं. कॅडबरी आणि इतर कोको कारखानदारांनी नेमलेले जोसेफ बर्ट आधी पोर्तुगालमध्ये भाषा शिकले, मग बेटांवर आणि अंगोलात हिंडले, आणि त्यांचा अहवाल 1907 मध्ये हाती आला. निष्कर्ष नेव्हिन्सनचाच. ब्रिटिश परराष्ट्र खात्यालाही घाई नव्हती, कारण ट्रान्सव्हालच्या सोन्याच्या खाणींना पोर्तुगीज मोझांबिकमधून मजूर हवे होते. खरेदी थांबली ती मार्च 1909 मध्ये.

त्याआधीच, सप्टेंबर 1908 मध्ये, ‘स्टँडर्ड’ या दैनिकानं कॅडबरींच्या ढोंगावर लिहिलं होतं. कॅडबरींच्या मालकीचं ‘डेली न्यूज’ दक्षिण आफ्रिकेतल्या चिनी मजुरांसाठी गहिवरत होतं, त्यामुळे टीका वर्मी लागली. बदनामीचा खटला 1909च्या अखेरीस बर्मिंगहॅमला चालला. ‘स्टँडर्ड’चे वकील एडवर्ड कार्सन यांनी विल्यम यांना विचारलं की तुमच्या कोकोपायी किती गुलाम मेले, याचा तुम्ही कधी अंदाज केला का? उत्तर नकारार्थी होतं. ज्यूरीनं निकाल कॅडबरींच्या बाजूनं दिला आणि भरपाई ठरवली एक फार्दिंग. त्या वेळच्या दरानं हिशेब केला तर आपला बरोबर एक पैसा, रुपयाचा चौसष्टावा भाग.

मला विल्यम ढोंगी वाटत नाहीत. गिऱ्हाईक राहिलो तरच लिस्बन आपलं ऐकेल, असं ते मनापासून मानत होते. पण तशी वाट पाहण्यात आठ वर्षं कोको येत राहिला. ज्याला कोको विकत घ्यायचा नव्हता, त्या नेव्हिन्सनचं काम मात्र लवकर आटोपलं.

कॅडबरींची खरेदी मग गोल्ड कोस्टकडे, म्हणजे आजच्या घानाकडे वळली. तिथे कोको लहान आफ्रिकी शेतकऱ्यांचा होता, आणि 1911 मध्ये हा मुलूख जगात पहिला झाला. नव्वद वर्षांनी गोष्ट पुन्हा त्याच पट्ट्यात येते. माली आणि बुर्किना फासोमधून आयव्हरी कोस्टच्या मळ्यांवर मुलं आणली जातात, हे उघड झाल्यावर 2001 मध्ये अमेरिकेत हार्किन-एंगेल करार झाला. बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार 2005 पर्यंत थांबवायचे होते. मुदत 2008 झाली, मग 2010, मग 2020 पर्यंत 70 टक्के घट. 2002 मध्ये निघालेल्या इंटरनॅशनल कोको इनिशिएटिव्ह या संस्थेला पैसा मुख्यतः चॉकलेट उद्योगाचाच. 2020 मध्ये शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजलं, तेव्हा घाना आणि आयव्हरी कोस्ट मिळून कोकोच्या कामावर 15.6 लाख मुलं होती.

यातली बहुतेक मुलं पळवून आणलेली नाहीत, ती स्वतःच्या आईबापांच्या शेतावर राबतात. म्हणून संस्थेची पद्धतही वेगळी आहे. गावातलाच एक माणूस घरोघर जातो, कोणतं मूल कोयता चालवतं, ओझं वाहतं ते टिपतो. मग जन्मदाखला, दप्तर, शाळा यांची सोय बघतो. काम चांगलं आहे, असंच मी म्हणेन. फक्त ही चौकशी नेहमी शेतकऱ्याच्या उंबरठ्यावर होते, भाव ठरतो तिथे नाही. भावाचा प्रश्न लावून धरला तो दोन्ही देशांच्या सरकारांनी: 2020-21च्या हंगामापासून त्यांनी खरेदीदारांकडून टनामागे 400 डॉलर जादा मागितले.