रुमालात बांधलेलं गाव

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरखेड्यात 1 नंबरची जमीन आहे, तशी शेजारच्या येरमाळ्यातही आहे. सर्व्हे नंबर असो की एकत्रीकरणानंतरचा गट नंबर, गावाची शीव आली की मोजणी थांबते आणि पलीकडे पुन्हा एकपासून सुरू होते. आठ-अ उताऱ्यावरचा खाते नंबरही तसाच. नुसत्या नंबराला अर्थ नाही, गावाचं नाव जोडलं तरच त्यातून जमीन कळते. पटवाऱ्याच्या काळात गावाचं दप्तर रुमालात बांधलेलं असे. एका गावाचा कागद दुसऱ्याच्या दप्तरात सहसा जात नसे, कारण गावांना वेगळं ठेवण्याचं काम ते कापडच करत होतं.

सातबारा संगणकावर आला आणि कापड गेलं. अनेक गावांच्या नोंदी एकाच घडणीच्या तक्त्यांत ओळीने बसल्या. आता त्यांना वेगळं ठेवतो तो प्रत्येक ओळीतला गावाचा संकेतांक. महाभूलेखवर आधी जिल्हा, तालुका आणि गाव निवडावं लागतं, मग गट नंबर. एकाच प्रणालीवर अनेक संकेतस्थळं चालवणाऱ्यांपुढेही हाच पेच असतो. तिथे प्रत्येक नोंदीला स्थळाची खूण असते, आणि प्रोग्रामर त्या खुणेची अट डेटाबेसला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नात हाताने लिहू लागला की एखाद्या ठिकाणी विसरतोच. म्हणून जँगोसारख्या वेब-चौकटीत चालू स्थळापुरत्याच नोंदी देणारी सोय थेट नोंदींच्या मॉडेलला जोडता येते. माझ्या मते रुमालाची खरी जागा तीच आहे, मुळाशी.

पण हा रुमाल बांधायचा कोणत्या पातळीवर? तेरखेड्याचा इतिहास याचं उत्तर देतो. 1948 पर्यंत हे गाव निजामाच्या राज्यात होतं, 1956 मध्ये मुंबई राज्यात आलं, 1960 मध्ये महाराष्ट्रात. 1982 मध्ये त्याच्या उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर वेगळं झालं, गावाचा वाशी तालुका त्याहून नंतरचा, आणि 2023 मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. वरच्या पाट्या इतक्या वेळा बदलल्या, तरी जमिनीचा नंबर गावाशीच बांधलेला राहिला. नोंद जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या नावाला बांधली असती तर दर फेरबदलाला ती उसवावी लागली असती.

यावर एक आक्षेप रास्त आहे. शेतकरी गावात मावत नाही. एकाची जमीन तीन गावांत असली की त्याची तीन खाती होतात, आणि 1961 च्या कमाल जमीन धारणा कायद्याला मात्र त्याची एकूण जमीन हवी होती. गावनिहाय दप्तरात ही बेरीज आपोआप दिसत नाही. मोठ्या जमीनदारांना हा आडोसा किती सोयीचा होता, हे वेगळं सांगायला नको. पण यावर उपाय म्हणून गावाची अट काढून टाकणं चुकीचं ठरेल. शिवेपलीकडे पाहण्याची वाट वेगळी असावी, उघड असावी आणि ती कोणी वापरली याची नोंद राहावी.

दुसरा आक्षेप असा, की आता प्रत्येक भूखंडाला देशभरात एकमेव असा भू-आधार क्रमांक मिळतो आहे, मग गाव कशाला? त्या क्रमांकाने जमीन ओळखता येते, पण त्या जमिनीची नोंद कोणी बदलायची हे त्यातून ठरत नाही. फेरफाराची नोंद धरण्याचा तलाठ्याचा अधिकार त्याच्या सजातल्या, म्हणजे त्याच्याकडे सोपवलेल्या, गावांपुरताच असतो, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्याशिवाय ती पक्की होत नाही. फेरफार नोंदवहीसुद्धा गावाची स्वतंत्र असते. तिच्यातला क्रमांक उद्धृत करताना आजही आधी गावाचं नाव लिहावं लागतं.